टाळूवर छत्री, मानेवर शेपट्या : एका कुरळ्या डोक्याचे सहा महिने

जुलैचा शेवटचा आठवडा, संध्याकाळ, लाईट गेलेली. बाई आल्या तेव्हा अंगावरचा रेनकोट ठिबकत होता, हातात हेल्मेट होतं आणि मानेवर घट्ट अंबाडा. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात मी एकेक पिन काढून ताटलीत टाकत गेले. १४ पिना आणि दोन रबर. अंबाडा सुटला तरी केस खाली पडेनात. टाळूवरचे जिथल्या तिथे छत्रीसारखे पसरले आणि त्या छत्रीखालून मानेवर तीन-चार बारीक शेपट्या लोंबत राहिल्या.

“स्मूदनिंगला किती घेता ताई?” हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणजे रसायन लावून केस सरळ करून द्यायचे. दुसरं वाक्य म्हणजे प्रश्न नव्हता, निकाल होता. “इथल्या पाण्यानं वाट्टोळं केलं बघा केसाचं.”

बाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, मंगळवेढ्याकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळून जूनमध्ये रत्नागिरी तालुक्यात आल्या. नावाची इथे गरज नाही. शिक्षिकेला आमच्याकडे बाईच म्हणतात. माघात धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं, आणि करवली म्हणून मिरवायचं तर हे डोकं घेऊन कसं, हा खरा घोर होता. हे सगळं लिहायला त्यांनी हो म्हटलंय, अट एकच: फोटो नाही.

मला या पार्लरच्या धंद्यात २२ वर्षं झाली. तरी आधी कबूल करते की त्यातली निम्मी वर्षं मीही कुरळे केस चुकीचेच कापले. आम्ही शिकलो तेव्हा डमीच्या डोक्याला सरळ केस होते. केस ओले करा, विंचरून ताठ करा, दोन बोटांत धरा, बोटांखाली कात्री चालवा. यू कट, स्टेप कट, लेयर्स, सगळं त्याच डोक्यावर शिकलो. कुरळं गिऱ्हाईक आलं की तेच करायचं, वर ड्रायर आणि गोल ब्रश मारून केस सरळ करून घरी पाठवायचं. आरशात बघून गिऱ्हाईक खूश. पहिल्या अंघोळीनंतर काय होतं ते बघायला आपण कुठे असतो?

पाणी, हवा की कात्री

पाण्याला दोष देणारं गिऱ्हाईक मला महिन्यातून चार वेळा भेटतं. बदलीची माणसं, लग्न होऊन आलेल्या मुली, हॉस्टेलवरची पोरं, सगळ्यांचं केसाचं दुखणं पाण्यावर जातं. बाईंच्या बाबतीत एक गोष्ट खरी होती. त्या कोरड्या मुलखातून दमट मुलखात आल्या होत्या. सोलापूरकडे वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्यात काही बंध पक्के, गंधकाचे, जे पाण्याने हलत नाहीत. आणि काही कच्चे, हायड्रोजनचे, जे ओल लागली की सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, केस त्या वेळी ज्या आकारात असेल त्या आकारात. पावसाळ्यातली हवा हेच काम दिवसभर हळूहळू करत असते. सकाळी बसवलेले केस दुपारच्या सुट्टीपर्यंत फुगतात ते यामुळे.

पण हवा सगळ्या डोक्याला सारखीच लागते ना? मग मानेवरचे केस गपगुमान खाली का लोंबत होते आणि टाळूवरचे का उठले होते?

मी विचारलं, “मे महिन्यात केस कापले होते?”

“तुम्हाला कसं कळलं?”

गोष्ट अशी होती. आधीच्या वर्षी गावाकडच्या एका पार्लरमध्ये यू कट केला, म्हणजे पाठीवरची कड यू अक्षरासारखी एका रेषेत. केस खाली रुंद आणि वर चपटे झाले, बाईंच्या शब्दांत “कडब्याच्या गंजीगत”. कुरळे केस एका रेषेत कापले की असंच होतं. सगळ्या बटांची टोकं एकाच उंचीवर येतात, तिथे एकमेकींवर चढून बसतात, आणि त्यांच्या वजनाने मुळाकडचे केस मात्र ओढले जाऊन डोक्याला चिकटतात. मे महिन्यात त्या दुसऱ्या पार्लरमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, केस कमी दिसू द्या. तिथे ओल्या केसांवर स्टेप कट झाला, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब अशा पायऱ्या, आणि मग, बाईंच्याच शब्दांत, “ती दाताची कात्री फिरवली भरपूर”.

दाताची कात्री म्हणजे थिनिंगची. एका पात्याला कंगव्यासारखे दात असतात, त्यामुळे धरलेल्या बटेतले काही केस कापले जातात आणि काही सुटतात. सरळ, दाट केसांवर बेताने वापरली तर भार हलका होतो. कुरळ्यांवर उलटं. कुरळी बट म्हणजे पाच-पन्नास केसांनी एकमेकांना धरून घेतलेलं वळण. त्यातले वीस केस मुळापासून चार सेंटिमीटरवर कापले की ते वळणात राहत नाहीत. आखूड असल्यामुळे ते ताठ उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना आतून ढकलतात. गादीत कापूस भरावा तसं. केस कमी करायला म्हणून कात्री फिरवली आणि डोकं दुप्पट झालं. मग गिऱ्हाईक पुन्हा म्हणतं, अजून थोडं थिनिंग करा.

हे मी बाईंना सांगितलं, पण सांगून कोणाला पटतं? पटलं ते उजव्या कानामागे हात गेल्यावर. तिथे मूठभर केस त्या कात्रीतून सुटले होते. घाईत राहिले असतील. लाईट आल्यावर मी दोन आरसे धरून बाईंना ती जागा दाखवली. त्या मुठीतल्या बटा बोटाएवढ्या जाड, स्वच्छ, एकसारख्या वळणाच्या. तीच हवा, तेच पाणी, तोच शाम्पू, तेच डोकं. चार बोटं वर सरकलं की सगळा पिंजलेला कापूस.

बाई बराच वेळ ती मूठ चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझे केस असे आहेत होय?”

स्मूदनिंगचं काय

मला सहज जमलं असतं. माल होता, गिऱ्हाईक तयार होतं आणि एका वेळेत हातात येणारे पैसे चार कटांएवढे. मी नको म्हटलं. त्यात साधुपणा काही नव्हता, हिशेब होता. स्मूदनिंग म्हणा की रिबॉन्डिंग, काम केस सरळ करायचंच. रिबॉन्डिंगमध्ये रसायन केसातले ते पक्के, गंधकाचे बंध तोडतं, इस्त्री फिरवून केस सरळ केला जातो आणि दुसरं रसायन लावून तो तसाच पक्का केला जातो. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे करतात त्यातल्या काही मालातून गरम करताना फॉर्माल्डिहाइडचा वाफारा निघतो, डोळे झोंबतात ते त्यानेच. पण बाईंच्या बाबतीत अडचण वेगळी होती. त्यांचे थिनिंगने कापलेले केस चार-पाच सेंटिमीटरचे. ते सरळ केले असते तर डोकंभर सरळ काटे उभे राहिले असते. आणि माघापर्यंत मुळाशी सहा-सात सेंटिमीटर नवे कुरळे केस आले असते, कारण रसायन उगवलेल्या केसाला लागतं, उगवणाऱ्याला नाही. केस कुरळा उगवतो तो कातडीतलं त्याचं मूळच वाकडं असतं म्हणून. तिथे कोणतीच इस्त्री पोचत नाही.

बाई म्हणाल्या, “मग माघापर्यंत होईल का काही?” मी म्हटलं, आकार येईल, पिंजलेलं पूर्ण जाणार नाही. खोटं सांगून खुर्चीत बसवलं असतं तर त्या लग्नानंतर भांडायला आल्या असत्या, आणि बरोबरच आल्या असत्या.

त्या दिवशी मी कात्री उचलली नाही. केसांना तेल होतं, दिवसभर अंबाड्यात पिळून बसलेले होते, त्यात हेल्मेट. असे केस खरे कसे पडतात ते कळत नाही. बाईंना सांगितलं, पुढच्या रविवारी या. शनिवारी रात्री डोकं धुवा, तेल नको, विंचरू नका, बांधू नका, मोकळे वाळू द्या. त्यांनी तेलावरून वाद घातला. घरी लहानपणापासून रोज तेल. खोबरेलाच्या विरोधात मी मुळीच नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना झिजणारं प्रथिन वाचवतं, हे २००३ सालच्या एका शोधनिबंधात दाखवलंय; सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नव्हतं. धुवायच्या आधी लावा, हवं तेवढं. फक्त कापायला येताना तेलाने चोपडलेलं डोकं नको, इतकंच.

“आणि मोकळे सोडून येऊ? गाडीवरून? लोक काय म्हणतील?”

“रिक्षाने या,” मी म्हटलं.

वहीतला गोल

कुरळ्या डोक्यासाठी मी वेगळी वही ठेवते. पानावर एक गोल काढायचा, वरून बघितलेलं डोकं, त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातली एक बट शिंप्याच्या टेपने दोनदा मोजायची, एकदा कोरडी जशी पडते तशी, एकदा ओली करून न ताणता. बाईंचं पान असं आहे. भांगाशेजारी पुढची बट, ओली २६ सेंटिमीटर, कोरडी १६. टाळू, ओली ३०, कोरडी १७. मान, ओली ३४, कोरडी २८.

या तीन आकड्यांत सगळं प्रकरण आहे. टाळूवरचा केस वाळला की शंभरातला ५७ उरतो, मानेवरचा ८२. म्हणजे ओल्या केसांत दोन्हीकडे २० सेंटिमीटरवर एकसारखं कापलं तर वाळल्यावर टाळूवर साडेअकरा उरणार आणि मानेवर साडेसोळा. पाच सेंटिमीटरचा फरक, आणि कापणारीचा हात तर एकदम सरळ. मे महिन्यातल्या त्या पार्लरवालीला मी म्हणून फार दोष देत नाही. तिच्या समोर ओल्या केसांत सगळं सुरेखच दिसलं असणार.

केसांच्या प्रकारांना आकडे देण्याची एक पद्धत आहे. ओप्रा विन्फ्रीची केशरचना करणारे आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात ती मांडली. १ म्हणजे सरळ, २ लाटांचे, ३ कुरळे, ४ अगदी बारीक वेटोळ्यांचे, आणि पुढे अक्षरं. आता कॉलेजच्या मुली येऊन थेट सांगतात, मी थ्री बी आहे. सांगू देत, बोलायला बरं पडतं. पण बाईंच्या एका डोक्यावर तीन प्रकार नांदत होते. मानेवर लाटा, बाजूला कुरळे, टाळूवर पेन्सिलीएवढी वेटोळी. कापताना अख्ख्या डोक्याचा प्रकार कामाचा नाही, हातातल्या बटेचा कामाचा.

ओले कापायचे की कोरडे यावर न्यूयॉर्कमध्ये दोन घराणीच आहेत म्हणा ना. लोरेन मॅसी यांच्यामुळे केस कोरडे ठेवून एकेक बट कापायची रीत पसरली. विदाद या १९८०च्या दशकापासून नुसत्या कुरळ्यांचंच काम करणाऱ्या बाईंनी ओल्या केसांत आतून भार काढायची कला शिकवली. दोन्हीकडे चांगलं काम होतं. मी कोरड्या घराण्यातली, कारण माझा हात बघून चालतो, अंदाजाने नाही. शिवाय बाईंच्या डोक्यातून आणखी भार काढायचा प्रश्नच नव्हता. आधीच नको तितका काढलेला.

पहिली कात्री

रविवारी बाई ओढणी डोक्यावरून घेऊन आल्या, जणू चोरीचा माल. ओढणी काढली आणि मी पंधरा मिनिटं नुसती भोवती फिरले. उभं राहून, बसून, मागून, त्यांना मान खाली घालायला लावून. माझ्याकडे शिकणारी मुलगी मध्येच म्हणाली, “ताई, सुरू कधी करणार?” हेच सुरू होतं.

मग प्रश्न. शाळेत केस कसे असतात? बांधलेले, रोज. म्हणजे पुढच्या बटा रबरात येतील एवढ्या लांब हव्यात. हेल्मेट किती वेळ? येऊन-जाऊन तासभर. म्हणजे टाळूवर उंची देऊन उपयोग नाही, साडेदहापर्यंत दबणार. भांग कुठे पाडता? मधोमध, आईने लावलेली सवय. पण केस स्वतःहून डावीकडे वळत होते. डोक्याच्या पुढच्या कडेला उजवीकडे एक छोटा भोवरा होता, तो केसांना मधोमध राहू देत नव्हता. २७ वर्षं त्या भोवऱ्याशी कंगव्याने भांडण चालू होतं.

शेपट्यांवरून घासाघीस झाली. मला त्या दहा सेंटिमीटर काढायच्या होत्या. बाईंच्या लेखी तेवढीच काय ती लांबी उरलेली. शेवटी पाचवर तोडगा निघाला, उरलेल्या पाच दिवाळीच्या आधी. हे मला आता योग्यच वाटतं. एकदम दहा काढल्या असत्या तर छत्री आणि मान यांच्यात काही राहिलंच नसतं, आणि केस बांधताना मानेवरून पोरांच्या झिपऱ्यांसारखे निसटले असते.

कापताना मी बट ओढत नाही. तिच्या जागी लोंबत असतानाच तळहातावर घेते, वळण कुठे पुरं होतं ते बघते आणि त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला, टोकाशी कात्री लावते. वळणाच्या मधोमध कापली तर टोक बाहेर फाकतं, केसाला शिंग आल्यासारखं. एक बट, मग शेजारची सोडून तिसरी, मग मागे सरून बघायचं. फाटे फुटलेली टोकं तेवढी गेली. छत्रीच्या कडेच्या बटांना मी एका रेषेत राहू दिलं नाही, एक आत एक बाहेर अशी पायरी मोडत गेले, म्हणजे खालच्या केसांशी त्यांची गाठ पडेल. टाळूला हातही लावला नाही. सव्वा तास गेला आणि फरशीवर जेमतेम ओंजळभर केस पडले. मुलीने झाडून काढताना माझ्याकडे असं बघितलं की एवढ्यासाठी सव्वा तास?

आणि मग माझी चूक झाली. पुढची उजवीकडची बट. ती डोळ्यावर येत होती, टोक खराब होतं. सगळं डोकं न ओढता कापलं आणि शेवटच्या बटेला, फोन वाजत होता म्हणा की दमले होते म्हणा, जुना हात पुढे आला. दोन बोटांत धरली, ताठ केली, कापली. बोटं सोडली तशी ती सर्रकन वर गेली आणि भुवईच्या वर जाऊन बसली. खाली भोवरा, त्याने आणखी उचलून धरली. २२ वर्षांचा अनुभव, समोर वहीत लिहिलेलं २६ आणि १६, आणि तरी.

बाई आरशात बघत होत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “असू दे ताई, वर्गात मी पण चुकते फळ्यावर.” मी निम्मेच पैसे घेतले. ती बट गालापर्यंत यायला किती महिने लागतील ते मी लगेच मोजलं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, पण कुरळा असल्यामुळे त्यातला पाऊणच दिसतो. माघ कठीण होता.

जवस

उरलेलं काम कात्रीचं नव्हतं. आतले आखूड केस कापून नीट होत नाहीत, ते वाढेपर्यंत शेजारच्या बटेला चिकटवून ठेवायचे. बाजारात कुरळ्या केसांची जेलं आहेत, पण महाग, आणि बाईंचा पगार अजून सुरू व्हायचा होता. मी म्हटलं, जवस आहे का घरी?

“जवसाची चटणी असती की आमच्यात. डोक्याला कोण लावतं ओ?”

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सारखं ढवळायचं. सात-आठ मिनिटांत पाणी दाटतं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की गॅस बंद. गरम असतानाच पातळ कपड्यातून गाळायचं. थंड झालं की ते कपड्यातून खाली उतरतच नाही आणि जवसासकट हाताला गोळा येतो. बाईंनी पहिल्या खेपेला नेमकं हेच केलं आणि मला रात्री साडेनऊला फोन केला. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं.

लावायची रीतही बदलावी लागली. धुताना कंडिशनर लावलेलं असतानाच रुंद दाताच्या कंगव्याने गुंता काढायचा, मग पुढच्या धुण्यापर्यंत कंगवा नाही. केस निथळत असतानाच जेल लावायचं आणि बटा मुठीत धरून खालून वर दाबायच्या. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, त्याऐवजी पंचा. कुरळ्या केसांसाठी परदेशातले लोक मऊ सुती टीशर्ट वापरा म्हणून सांगतात. आपल्याकडे दांडीवर पंचा वाळत असतो, त्याहून मऊ काय असतं?

एका गोष्टीने त्या घाबरल्या. रविवारी धुताना हातात केसांचा पुंजकाच आला. रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. रोज विंचरणाऱ्याचे रोज कंगव्यात दिसतात. तीन दिवस न विंचरणाऱ्याचे बटांत अडकून राहतात आणि धुताना एकदम सुटतात. मी हे आधी सांगायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी

ऑक्टोबरात बाई पुन्हा आल्या, या वेळी ओढणीशिवाय. भांग डावीकडे सरकलेला. शाळेतल्या सहकारी शिक्षिकेने विचारलं होतं, पर्मिंग केलं का, म्हणजे पार्लरमध्ये मुद्दाम कुरळे करून घेतले का? बाईंना हे भयंकर आवडलं होतं. शाळेत असताना पोरं त्यांना सत्यसाईबाबा म्हणून हाका मारायची. कवितेत कुरळे कुंतल आणि घरात ‘त्या झिपऱ्या आवर आधी’, हे आपल्याकडचं जुनंच.

पाऊस संपला होता, हवा अजून दमटच, पण छत्री बसत चालली होती. वहीत टाळू १७ वरून १९ वर. शेपट्यांच्या राहिलेल्या पाच सेंटिमीटर कापल्या. या वेळी घासाघीस नाही, त्याच म्हणाल्या, काढा. मान आता २० वर आली. टाळू आणि मान पहिल्यांदा एकमेकींच्या जवळ आल्या आणि बाजूने बघितल्यावर डोक्याला एक गोलवा दिसला. बाकी कुठेच कात्री लावली नाही. बाईंनी विचारलं, एवढ्यासाठी पैसे कशाचे? मी म्हटलं, न कापण्याचे. हसल्या, पण दिले.

भुवईवरची बट आता नाकाच्या शेंड्यापर्यंतही नव्हती आली. तिला मी एका बाजूला पीळ देऊन काळ्या साध्या पिनेने बसवायला शिकवलं.

माघ

जानेवारीत लग्नाच्या दहा दिवस आधी तिसरी बैठक. दहा दिवस आधीच, कारण कुरळ्या कटाला दोन-तीन धुणी जावी लागतात, मग बटा आपापली जागा धरतात. लग्नाच्या आदल्या दिवशी केस कापणारीला मी परत पाठवते.

टोकं नुसती साफ केली. छत्रीची कड आता शोधावी लागत होती. आतल्या आखूड केसांपैकी बरेचसे दहा सेंटिमीटरच्या पुढे गेले होते आणि बटांत सामील झाले होते. डाव्या कानामागे मात्र ते अजून स्वतंत्रच राहत होते. तिथे थिनिंग बहुतेक दोनदा फिरलं असावं. बाई उजव्या कानामागच्या त्या मूठभर केसांना अजूनही अधूनमधून चाचपतात, सवयच लागली आहे.

लग्नात मोकळे सोडणार म्हणून ठरलेलं. प्रत्यक्षात आईने ऐनवेळी अंबाडा घालायला लावला, वर मोगऱ्याचे दोन गजरे. मला फोनवर हे सांगताना बाई चिडलेल्या होत्या. मी विचारलं, पिना किती लागल्या? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, “पाच.” रात्री वरातीला मात्र त्यांनी अंबाडा सोडला, आणि ती भुवईवरची बट, जी तोवर गालाच्या हाडापर्यंत पोचली होती, तिच्यावरून नव्या वहिनीकडच्या कोणीतरी विचारलं म्हणे, ही अशी मुद्दाम कापून घेतली का?

“काय सांगितलंत?”

“हो म्हणलं.”

पुढची तारीख एप्रिलच्या शेवटी आहे, सुट्टीत गावाला जायच्या आधी. वहीत लिहून ठेवलंय: डावा कान, आतले केस अजून दोन सेंटिमीटर हवेत, कात्री लावू नये. खाली लाल पेनाने: पुढची उजवी बट, ओढू नये.